एकेरी पुलांचा दिवस

अहो, काल मंजू परत गेली. मी आणि बबनभाऊ तिला विमानतळावर सोडायला गेलो होतो. आत जाताना ती मागे वळली आणि पंधरा दिवस पोटात धरून ठेवलेलं तिनं तिथं दारातच विचारलं, "आई, त्या वानाकाच्या दिवशी काय झाल्तं? पप्पांनी मंग गाडीला हातच का न्हाई लावला?"

मी म्हटलं, "काही न्हाई झालं बाळा. वय झाल्तं त्यांचं."

ती दारातून हलली नाही. मास्तरणीच्या पोटच्या पोरीला आईचं खोटं लगेच कळतं. मग मागच्या माणसाची ट्रॉली तिच्या टाचेला लागली आणि ती आत गेली.

तिला काय सांगायचं ते तुम्हाला विचारल्याशिवाय मी ठरवणार नाही. नऊ महिने दोघांनी मिळून झाकलेली गोष्ट आहे ती, आणि झाकून ठेवायचा शब्द मी तुम्हाला दिलेला आहे. म्हणून लिहायला बसले. तुम्ही हे वाचणार नाही हे कळतं मला. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आहे, इतकी काही खुळी नाही. पण तुमच्याशी वाद घालायची सवय जुनी आहे, ती काही तेराव्याला सुटत नाही.

या पंधरा दिवसांत लोक येऊन तुमचं चांगलं चांगलं सांगून गेले. दादांनी माझ्या सुनेला बाळंतपणाला जालन्याला नेलं, दादांनी भर पुरात गाडी घातली, दादांनी कोणाला नाही म्हटलं नाही. सगळं खरं आहे. पण दादा कोणाचं ऐकत नसत, हे एकजणही बोलला नाही. म्हणून मी बोलते. तुम्ही कोणाचं ऐकलं नाही. तुमच्या वडिलांचं नाही, माझं नाही, डॉक्टरांचं तर नाहीच. तुम्ही ऐकायचात ते फक्त पत्र्यावरच्या ठोक्याचं. वाटूर-मंठा काळी-पिवळी चालवायचात तेव्हा तुमचे चुलतभाऊ, हेच बबनभाऊ, मागच्या फळीवर उभे असायचे. त्यांनी हातानं पत्र्यावर एक ठोका दिला की तुम्ही थांबायचात आणि दोन दिले की निघायचात. मागे वळून बघणं नाही, का म्हणून विचारणं नाही. लग्न होऊन आले आणि पहिल्यांदा त्या जीपमध्ये बसले, तेव्हाच माझ्या मनात आलं होतं की या माणसाशी बोलायचं तर पत्र्यावरूनच बोलावं लागेल.

तर तो दिवस.

न्यूझीलंडला मंजूच्या घरी आपल्याला तीन आठवडे झाले होते. नात सहा महिन्यांची. सगळ्यांनी मिळून चार दिवस वानाकाला जायचं ठरलं, आणि तुम्ही हट्ट धरलात की आपण दोघं वेगळी गाडी भाड्यानं घेऊन समुद्राच्या बाजूच्या लांबच्या रस्त्यानं जायचं. लेकराला घेऊन मंजू आणि जावई दुसऱ्या दिवशी जवळच्या रस्त्यानं येतील. जावई बिचारे हळूच म्हणाले, "पप्पा, तो रस्ता वळणांचा आहे." तुम्ही मिशीवरून हात फिरवलात. "मी बाजारच्या दिवशी वाटूर फाट्यावर गाडी वळवलेला माणूस हाय, जावईबापू. मला काय वळणं सांगून राह्यले?" सगळे हसले. मीही हसले. आता आठवलं की त्या हसण्याचा मला राग येतो.

निघताना तुम्ही म्हणालात, "बाई, पाट्या तू वाच. तुह्यं इंग्रजी कामी येऊ दे." गावासारखं तुम्हीही मला बाईच म्हणायचात. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. पहिला दिवसभर मी एकूणएक पाटी मोठ्यानं वाचली. पुढे वळण आहे, वेग पस्तीस. पुढे मेंढ्या आहेत. पुढे एकेरी पूल आहे. तुम्ही प्रत्येक पाटीला मान डोलावत होतात, पहिल्या बाकावरच्या हुशार मुलासारखी. मला वाटलं, चला, इतक्या वर्षांनी का होईना, आपल्या शिक्षणाचा मान ठेवून राह्यलेत.

मुक्कामाच्या गावात, होकिटिकात, तुम्ही गाडी लावताना डावीकडचा खांब घासलात. आरसा आत वळला. मला खांब दिसला नाही असं तुम्ही म्हणालात का? नाही. "खांब कुठं रोवावा याची अक्कल न्हाई या लोकांना," म्हणालात. सकाळी तुम्ही आरशासमोर डोळ्यांत थेंब टाकत होतात. विचारलं तर म्हणे, "इकडच्या हवेनं कोरडे पडून राह्यलेत." बाटलीवर जालन्याच्या मेडिकलची चिठ्ठी होती. म्हणजे इकडच्या हवेचं औषध तुम्ही जालन्याहूनच घेऊन आला होतात. मी ती चिठ्ठी बघितली आणि माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. पोरांच्या वह्यांतली वेलांटीची चूक मला दहा फुटांवरून दिसायची.

दुसऱ्या दिवशी पाऊस होता. भीज पाऊस, थांबेचना. मंजूच्या ओट्यावर थापलेले धपाटे आणि दाण्याची चटणी मांडीवर घेऊन मी बसले होते. पहिल्या एकेरी पुलाशी गंमत झाली. पलीकडे मोठा ट्रक उभा होता. त्यानं आपल्याला दोनदा लाईट मारली. आपल्याकडे लाईट मारली म्हणजे 'मी येतोय, तू थांब', हे शेंबड्या पोराला कळतं. तुम्ही मुकाट्यानं थांबलात. पण ट्रकही हलेना. त्यानं परत लाईट मारली. तुम्ही म्हणालात, "आरं ये की मंग! डिपर मारून राह्यला नुसता." शेवटी तो ट्रक सावकाश आला आणि जाताना त्या ड्रायव्हरनं आपल्याकडे असं बघितलं, जसं आपण वेड्या पाहुण्याकडे बघतो. आपण हसलो. त्याचा अर्थ काय असेल असा विचार दोघांपैकी एकानंही केला नाही.

फॉक्स नावाच्या गावात चहा प्यालो. त्यानंतर फोनची रेंज गेली. जावयांनी सांगितलंच होतं, पुढे तास-दोन तास फोन लागणार नाही.

त्याच पट्ट्यात तो पूल आला. रस्ता डावीकडे वळत वळत पुलावर जात होता, त्यामुळे पुलाचं पलीकडचं तोंड मला झाडांमधून आधीच दिसलं. तिथं एक निळी गाडी उभी होती. पाटीवर मोठा पांढरा बाण आपला होता. मी वाचलं, "आपला हक्क आहे, त्यांनी थांबायचं." तुम्ही वेग कमी केला नाहीत. पुलात शिरताना सवयीनं दोनदा डिपर मारलात.

आणि ती निळी गाडी निघाली.

मी ओरडले, "अवो, गाडी!"

तुम्ही म्हणालात, "कुठंय?"

एवढाच एक शब्द. समोर, पुलाच्या त्या टोकाला, भर दिवसा, लाईट लावून गाडी आपल्यावर येत होती आणि तुम्ही विचारत होतात, कुठंय. मग ती तुमच्या नजरेच्या सरळ रेषेत आली आणि तुम्ही ब्रेक दाबलात. ओल्या पुलावर गाडी घसरली, डावीकडचा आरसा कठड्याला लागून तुटला. दोन्ही गाड्यांच्या तोंडांमध्ये हातभर अंतर राहिलं. डब्यातले धपाटे माझ्या पायांवर पडले होते.

पांढऱ्या केसांची, माझ्याच वयाची बाई खाली उतरली. मागच्या सीटवर चार-पाच वर्षांची मुलगी होती, बाहुली उलटी धरून बसलेली. बाई आपल्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनंच माफी मागितली. म्हणाली, तुम्ही लाईट देऊन मला 'या' म्हणालात, म्हणून मी आले. मी तुम्हाला सांगितलं. तुमचे ओठ पांढरे पडले होते. "लाईट मारली म्हंजी थांब," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "इथं लाईट मारली म्हंजी ये." ती बाई हात हलवत तिची गाडी मागे मागे घेत गेली. पुढच्या काचेतून, दोन सीटांच्या मधून, ती मुलगी आपल्याकडे बघत होती.

डिपरची चूक कोणाचीही होईल हो. वाटूरचा, मंठ्याचा कोणताही ड्रायव्हर तिथं नेऊन बसवला असता तरी तेच केलं असतं. पण 'कुठंय'चं काय करायचं?

पूल ओलांडल्यावर मी म्हटलं, "गाडी बाजूला घ्या." तुम्ही घेतलीत. "समोर बघा. माझ्याकडं न्हाई, समोर." मी तुमच्या डाव्या कानशिलाच्या बाजूला हात धरला, तीन बोटं उघडून. "किती बोटं आहेत?"

"कशाची बोटं?"

मी हात पुढे आणत गेले. जवळजवळ तुमच्या नाकासमोर आला तेव्हा तुम्ही म्हणालात, "तीन." मग दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवलेत. वायपर चालूच होते.

"कधीपासून?"

"पोळ्याच्या टायमाला कळलं. काचबिंदू म्हणतेत. डावीकडचं सारं गेलंय. उजवीकडचंबी कडंकडंनं चाललंय."

"डॉक्टर काय म्हणले?"

"गाडी चालवू नका म्हणले."

"मंग?"

"मंग काय. शेवटची एक बार चालवतो म्हणलं. चांगल्या रस्त्यावर."

मी दार उघडून पावसात उतरले. खरं सांगते, त्या क्षणी मला तुमची दया आली नाही. मला तुमच्या कानाखाली द्यावीशी वाटली. सहा महिने तुम्ही मला शेजारी बसवून जालन्याला नेलंत, गल्लीतल्या गरवार बायका दवाखान्यात नेल्यात, शेजाऱ्यांच्या नातवाला शाळेत सोडलंत. आणि त्या निळ्या गाडीत ती बाहुलीवाली मुलगी होती. तिकडच्या बारीक माश्या माझ्या हातापायांना डसत होत्या आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडत होते. तुम्ही गाडीतून हाक मारली नाहीत. पुढचं गाव तासाभरावर, मागचंही तासाभरावर. फोन मेलेला. आणि मला गाडी येत नव्हती.

मला गाडी का येत नव्हती, हे आठवतं ना? माझी बदली परतूरला झाली तेव्हा मी म्हटलं होतं, मला शिकवा, जाऊन येऊन मीच करीन. तुम्ही मोठ्यानं हसला होतात, बबनभाऊंच्या समोर. "दोघांनी चालवून कुठं जायचंय? एका घरात एक डायव्हर बास." सात वर्षं मी जीपच्या फळीवर आणि एसटीत उभी राहून परतूरला गेले. मला त्या रस्त्याच्या कडेला ते सगळं आठवलं, आणि तुम्हाला सांगायलाही हरकत नाही, मी मनात म्हटलं, भोगा आता.

पण भोगायचं दोघांना होतं. मी परत येऊन बसले. म्हटलं, "चाळीसच्या वर जायचं न्हाई. मी ठोका देईन. एक म्हंजी थांबा, दोन म्हंजी चला. का म्हणून विचारायचं न्हाई." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, पूर्ण मान वळवून, कारण तसं बघितल्याशिवाय मी तुम्हाला दिसतच नव्हते. आणि मान डोलावलीत.

पुढचे तीन तास मी जगातलं दुसरं काही बघितलं नाही. "डावीकडं कठडा आहे, थोडं उजवीकडं. हां, बास. मागून गाडी येतीय, बाजूला घ्या, जाऊ द्या तिला. सायकलवाला आहे डावीकडं, सायकलवाला आहे, अजून आहे, गेला." माझा घसा बसला. प्रत्येक एकेरी पुलाआधी मी समोरच्या पत्र्यावर, म्हणजे तिकडं पत्रा कुठला, त्या प्लास्टिकवर, एक ठोका द्यायची. तुम्ही जागच्या जागी थांबायचात. मी काच खाली करून पलीकडे नीट बघायची. कोणी लाईट मारली तर आधी 'थांब' असंच वाटायचं, मग आठवायचं की ही 'ये' म्हणतेय. मग दोन ठोके. पुढच्या गावाजवळ, हास्टजवळ, नदीवरचा पूल इतका लांब होता की पलीकडचं टोक पावसात दिसेना, आणि मध्ये थांबायला रुंद जागा केलेल्या. मी दोन ठोके दिले. अर्ध्यात पोचलो तर समोरून बस आली. मी एक ठोका दिला आणि "डावीकडं, डावीकडं, अजून, बास!" म्हणून किंचाळले. तुम्ही गाडी त्या रुंद जागेत अशी बसवलीत की चाक आणि कठडा यात वीतभर जागा उरली, डावीकडचं काही दिसत नसताना. बस गेली. तुम्ही म्हणालात, "बबन्यापेक्षा बरी हायेस तू." त्या क्षणीही तुम्हाला ते सुचलं! मी हसले नाही. हसायला हवं होतं, असं आता वाटतं.

हास्टला पेट्रोलपंपाशेजारी दुकान होतं. मी एकटी आत गेले. मी काय करायला आत गेले होते, हे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला अडवलं नाहीत. गल्ल्यावरच्या बाईनं माझा चेहरा बघून विचारलं, बरं आहे ना सगळं? मी म्हटलं, मला फोन करायचा आहे. तिनं दुकानातला फोन माझ्याकडे सरकवला. मंजूचा नंबर मला पाठ होता. सांगितलं असतं तर रात्री तिथंच राहिलो असतो, सकाळी जावई आले असते, तुमच्या हातून किल्ली घेतली असती. सगळं सुखरूप झालं असतं. मी काचेतून बाहेर बघितलं. पावसात उभं राहून तुम्ही गाडीची पुढची काच पुसत होतात. आपल्या जीपची पुसायचात तशी, कोपऱ्यांपासून आत, फडकं पिळून पिळून. तुटलेल्या आरशाचा राहिलेला तुकडाही पुसलात.

मी फोन खाली ठेवला आणि दोन चहा मागितले.

हे बरोबर नव्हतं. त्या दिवशीही मला माहीत होतं. समोरून येणाऱ्या एकेका गाडीत माणसं होती, लेकरं होती, आणि मी तुमच्या इभ्रतीसाठी त्यांना पणाला लावलं. काही झालं नाही हे आपलं नशीब, शहाणपण नाही. चहा देताना मी म्हटलं, "वानाकापर्यंत मी नेते तुम्हाला. मंजूला सांगत न्हाई. पर तिथून पुढं जावई चालवतील, आणि वाटूरला गेल्यावर जीपची किल्ली मह्याकडं."

तुम्ही चहा संपवलात. मग म्हणालात, "देतो. पर मंजूला कधीच न्हाई सांगायचं. तिच्या डोळ्यात मी डायव्हरच राहू दे."

मी म्हटलं, "बरं."

घाट ओलांडला. पाऊस उघडला. पहिलं तळं उजवीकडून गेलं, दुसरं डावीकडे आलं, थेट चाकाखाली, खोल निळं. तुमच्या बाजूला डोंगर होता, मरण माझ्या बाजूला होतं, आणि ते तुम्हाला दिसत नव्हतं. मी बोलत राहिले. सहा तासांचा रस्ता आपण साडेनऊ तासांत केला. वानाकाला मंजू दारातच उभी होती, रागानं आणि काळजीनं लाल झालेली. तुम्ही खाली उतरून किल्ली जावयांच्या हातात ठेवलीत. "घ्या, आता तुम्ही चालवा, लई मजा केली मी. मंजू, तुह्या आईला दर पुलावर फोटू काढायचे व्हते, म्हणून उशीर." माझ्या फोनमध्ये त्या दिवसाचा एकही फोटो नाही. मंजूनं कधी मागितला नाही. कदाचित म्हणूनच काल तिनं विचारलं.

वाटूरला आल्या दिवशी तुम्ही जीपची किल्ली देवळीत ठेवलीत. मी ती माझ्या शिलाईच्या डब्यात टाकली. मला वाटलं, जिंकले.

मग लोक यायचे. "दादा, गाडी काढता का, आईला दाखवायला न्यायचंय." तुम्ही ओसरीतून म्हणायचात, "गाडी खराबंय बाबा." मी आत भाकरी थापत असायची. पहिल्या महिन्यात दहा-बारा वेळा ऐकलं, मग लोक यायचे थांबले. तुम्ही रोज चालत फाट्यावर जाऊन बसायचात, हॉटेलच्या बाकड्यावर, जीपा येता-जाता बघत. एकदा मी भाजी घेऊन येताना मागून तुम्हाला बघितलं. फाट्यावर कोणीतरी पत्र्यावर दोन ठोके दिले आणि तुमचा उजवा पाय बाकड्याखाली जरासा दबला.

दिवाळीत आपण दोघंच ओसरीत बसलो होतो तेव्हा तुम्ही आपणहून बोललात. "बाई, तू बराबर व्हतीस. बिलकुल बराबर. पर..." तेवढ्यात दूधवाला आला. भांडं घेऊन मी उठले, परत आले तर तुम्ही दुसरंच काही बोलायला लागलात. मी विचारायला हवं होतं, पर काय? मला भीती वाटली. अजूनही तो 'पर' ओसरीत तसाच आहे.

त्याच आठवड्यात तुम्ही म्हणालात, "तुला शिकवतो का गाडी? तू चालव, मी बाजूला बसतो. ठोका मी देतो." डोळे चमकले होते तुमचे. आणि मी काय म्हणाले? "मागितलं तवा हसलात. आता साठाव्या वर्षी मला कुठं जायचंय?" तुमचंच वाक्य तुम्हाला परत दिलं. फार गोड वाटलं होतं मला ते देताना. तुम्ही उठून आत गेलात. तुमच्या हातून स्टेअरिंग घेतलं ते बरोबर होतं, त्याबद्दल मी आजही मागे हटणार नाही. पण तुम्ही शेजारची जागा मागत होतात, तीही मी दिली नाही. त्याची माफी मागते. समोर असता तर मागितली नसती, हेही खरं.

तुम्ही न्हाणीपाशी पडलात तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. गल्लीतले सगळे गाड्या घेऊन लग्नाला गेलेले. दारात आपली जीप उभी होती, डब्यात किल्ली होती, आणि घरातला एक डायव्हर जमिनीवर पडला होता. बबनभाऊ मंठ्याहून पिकअप घेऊन येईपर्यंत पाऊण तास गेला. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. लवकर आणलं असतं तर? असं मी विचारलं. फरक पडला नसता, म्हणाले. पण ते खाली बघून म्हणाले.

आता मंजूचं. परत आल्यावर मी तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते, तेव्हा ते काय म्हणाले ते आठवा. हे रक्ताच्या नात्यात उतरतं, मुलीला तपासून घ्यायला सांगा, वेळेत कळलं तर नजर वाचते. एसटीत तुम्ही म्हणालात, सांगू, पुढच्या बारीला आली की सांगू. मी शब्दाला बांधलेली, गप्प राहिले. ती रोज लेकराला मागे बसवून पन्नास किलोमीटर गाडी चालवते. मागच्या सीटवर मुलगी, बाहुली उलटी धरून. मला दुसरं काही दिसतच नाही. म्हणून मी आज संध्याकाळी तिला फोन करणार आहे आणि पूल, बोटं, थेंब, सगळं सांगणार आहे. दिलेला शब्द मोडते आहे. रागवायचं असेल तर रागवा. तिच्या डोळ्यात तुम्ही डायव्हरच राहाल, डावीकडचं दिसत नसताना समोरच्या बसला वाट देणारा.

एक मात्र तिला सांगणार नाही. ते तुमचं-माझं.

दवाखान्यात पहिल्या दिवशी सिस्टर म्हणाली, बोला त्यांच्याशी, ऐकू येतं म्हणतात. तोंडात नळी, डोळे मिटलेले, मी काय बोलू? मंजू विमानात होती. मी खाटेच्या लोखंडी दांडीवर हातानं एक ठोका दिला. तुम्ही थांबलात. दुसऱ्या दिवशीही मी एक ठोका दिला, तुम्ही थांबलात. तिसऱ्या दिवशी मंजू आली, तुमचे पाय धरून बसली. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी आम्हाला बाजूला बोलावून सांगितलं की आता नुसतं यंत्र चालू आहे. मी म्हटलं, मला एकटीला पाच मिनिटं आत जाऊ द्या.

मी तुमच्या डाव्या बाजूला उभी राहिले. जिथून मी तुम्हाला कधीच दिसले नसते त्या बाजूला. हळू आवाजात सांगितलं, डावीकडं काही न्हाई. उजवीकडं काही न्हाई. समोरून कोणी येत न्हाई, पूल मोकळा आहे. मग दांडीवर दोन ठोके दिले.

तुम्ही का म्हणून विचारलं नाहीत.